आईच्या हिरडीवर पुळी येते, फुटते, परत येते. दाढ काढावीच लागेल का?

माणगंगा
मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी चिंचवडला असते, आई आटपाडीला एकटीच. वय ६३. साखर आहे, बीपी आहे, दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. खालच्या डाव्या बाजूची एक दाढ तिची कधीपासूनची किडलेली. अर्धी तुटून गेलीय, नुसतं काळं खिंडार राहिलंय. संक्रांतीच्या सुमारास ती दाढ रात्र रात्र ठणकायची. आडवं झालं की जास्त. गार पाण्याची चूळ तोंडात धरून बसायची, म्हणजे जरा बरं वाटायचं म्हणे. मग एकाएकी ठणका थांबला. आईच्या मते दाढ मेली, विषय संपला.

पावसाळ्यात त्या दाढेखाली हिरडीवर एक बारीक पुळी आली. दाबली की खारट, घाण पाणी तोंडात यायचं. मिठाच्या गुळण्या केल्या, बसली. दिवाळीत पुन्हा तेच. आता परवापासून डावा गाल सुजलाय. शेजारच्या पोराने मेडिकलमधून पुडी आणून दिली. तिचा फोटो मागवला तर त्यात डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी, एक कॅप्सूल आणि एक बिनकागदाची पांढरी गोळी. दोन पुड्यांत सूज निम्म्यावर आली. त्यामुळे बाईसाहेब खूश. "पू गेला, ठणका गेला, आता डॉक्टर कशाला?"

मला विचारायचंय ते असं. पू निघून जातोय हे चांगलंच ना? हे दाढेचं दुखणं की हिरडीचं? कारण आई मशेरी लावते आणि पुढचे खालचे दातही हलतात. साखर असताना दाढ काढली तर जखम भरत नाही, डोळ्यांवर परिणाम होतो असं मामा सांगतोय, ते खरं का? आणि मी इथून फोनवर कसं ओळखायचं की प्रकरण हाताबाहेर चाललंय?

रानमेवा
मंगळवार, रात्री ९:३२

लवंगतेलाचा बोळा ठेवा, रात्रीत आराम. हळद, मीठ आणि मोहरीचं तेल हिरडीला चोळायला सांगा. आमच्या आज्जीच्या दाढेतली कीड बाजारात बसणाऱ्या एका बाईने रिंगणीच्या बियांची धुरी देऊन काढली होती. पांढरे किडे मी स्वतः बघितलेत. त्यानंतर आज्जीची दाढ कधी दुखली नाही. डॉक्टरकडे गेलात की दहा हजारांना खड्डा, हे लिहून ठेवा.

निवृत्त_दंतशल्य
मंगळवार, रात्री १०:०५

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बाकीचं सकाळी वाचलंत तरी चालेल.

आत्ता आईला फोन लावा आणि विचारा. तोंड नेहमीसारखं उघडतंय का? दोन बोटं एकावर एक धरून दातांच्या मधे जातात का? थुंकी गिळता येते की तोंडातून गळतेय? जिभेखालची जागा वर आलीय का, जीभ टाळूकडे ढकलली जातेय का? सूज गालातच आहे की जबड्याच्या हाडाखाली, हनुवटीमागे गळ्याकडे उतरलीय? बोलताना तोंडात घास धरल्यासारखा आवाज येतो का? थंडी वाजून ताप, ग्लानी? डोळ्याखाली सूज, पापणी झाकत चाललीय? यातल्या कशालाही "हो" आलं तर उद्यावर टाकू नका, दातांच्या डॉक्टरची वेळही घेत बसू नका. १०८ लावा आणि थेट अशा मोठ्या रुग्णालयात न्या जिथे भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचे किंवा जबड्याचे सर्जन आहेत. तुमच्या भागातून मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. श्वासाला त्रास असेल तर वाटेत आडवं करू नका, बसवून न्या.

हे घाबरवण्यासाठी नाही. खालच्या मागच्या दाढांची मुळं ज्या पातळीला संपतात तिथून पू सरळ जबड्याखालच्या पोकळीत उतरू शकतो. दोन्ही बाजूंनी सूज आली की जिभेखालचा सगळा भाग फळीसारखा टणक होतो आणि श्वासाची वाट अडते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ साली हे दुखणं लिहून ठेवलं, आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. तेव्हा माणसं यात दगावायची. आता वाचतात, पण वेळेत पोचली तर.

आता बाकीचं. ग्रामीण रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक म्हणून माझी नोकरी झाली. खुर्चीत न बसवता, तोंडात न बघता निदान सांगणारा मी नव्हे. पण तुम्ही हकीगतच अशी लिहिलीय की निम्मं निदान त्यातच आहे.

रात्रीचा ठणका, आडवं झाल्यावर वाढणारा, गार पाण्याने थांबणारा. हे ऐकलं की आमची खात्री होते की दाढेतली नस शेवटच्या घटका मोजतेय. नस म्हणजे दाताच्या आतला मऊ गाभा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा. त्याच्याभोवती कडक कवच. गाभा सुजला तरी फुगायला जागा नाही, म्हणून तो जीवघेणा ठणका. काही दिवसांनी गाभा मरतो. मेलेल्या नसेला काय दुखणार? पेशंट म्हणतो, बरं झालं. खरी गोष्ट तिथून पुढे चालू होते. त्या मेलेल्या गाभ्यात जंतू वाढतात, मुळाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून हाडात उतरतात आणि तिथे पू धरतो. तो पू हाड पोखरत, जिथे हाड पातळ असेल तिथून बाहेर वाट काढतो. आईच्या हिरडीवरची पुळी म्हणजे त्या वाटेचं तोंड. तोंड वाहतं आहे तोवर दुखत नाही. बुजलं की गाल सुजतो. तुमच्या आईचं पावसाळ्यात, दिवाळीत आणि आता जे झालं ते हेच असणार.

तेव्हा "पू निघून जातोय हे चांगलंच ना" याचं उत्तर: कोंडून राहण्यापेक्षा नक्कीच चांगलं, पण पू जिथे तयार होतो ती जागा आहे तशीच आहे. माझ्याकडे एकदा एक तरुण शेतकरी आला, हनुवटीच्या त्वचेवर वाहती जखम घेऊन. कितीतरी महिने मलमं लावली होती, जखम शिवूनही झाली होती. दातांत दुखत काहीच नव्हतं. लहानपणी बैलगाडीवरून पडून खालचा पुढचा दात आपटला होता, तो आतून कधीच मेला होता आणि त्याचा पू हनुवटीतून बाहेर येत होता. दाताचा इलाज केला, कातडीची जखम मलमाशिवाय भरली. सांगायचा मुद्दा, हनुवटीवर किंवा जबड्याच्या कडेला बरी न होणारी पुळी असेल तर एकदा दातांचा एक्स-रे काढून घ्या.

दाढेचं की हिरडीचं, हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला कौतुक वाटलं, कारण इलाज त्यावर ठरतो. हिरडीचं गळू वेगळ्या वाटेने होतं. दात आणि हिरडी यांच्यामध्ये फट असते, निरोगी माणसात १ ते ३ मिलिमीटर. किटण साचून साचून हिरडी सुटते, ती फट खोल होते, ५, ६, ८ मिलिमीटर. तिच्यात अन्न आणि जंतू अडकले, वरून तोंड मिटलं, की तिथे पू. यात दात बहुधा वरून धडधाकट दिसतो, किडलेला नसतो, पण हलतो. सूज हिरडीच्या कडेजवळ असते. हिरडी दाबली की दाताच्या कडेने पू येतो. दुखतं, पण त्या रात्रीच्या ठणक्याइतकं सहसा नाही. आणि नस जिवंत असते, म्हणजे गार लावलं की दाताला कळतं. मुळाशी पू झालेल्या दाताला गार कळत नाही, पण वरून टोचा मारला की पेशंट उडतो, आणि "हा दात उंच झालाय, आधी हाच टेकतो" अशी तक्रार असते.

डॉक्टर काय करतील तेही सांगतो, म्हणजे आईला आधीच सांगून ठेवता येईल. आरशाच्या दांड्याने एकेक दातावर टकटक करतील. गार फवारलेला कापूस लावतील. आकडे असलेल्या बारीक सळईने हिरडीची फट मोजतील. छोटा एक्स-रे काढतील, मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसते. पुळी असेल तर तिच्या भोकात एक बारीक, वाकणारी काडी सरकवून एक्स-रे काढायची पद्धत आहे. रूट कॅनाल भरायला जी काडी वापरतात तीच. ती काडी ज्या मुळापाशी जाऊन थांबते तो दात गुन्हेगार. पुळी एका दाताखाली आणि गुन्हा शेजारच्या दाताचा, असंही असतं. मला हा प्रकार फार आवडायचा. पेशंटला तो एक्स-रे दाखवला की समजावण्यात तोंड शिणवावं लागत नाही.

तुमच्या आईला दोन्ही प्रकार असण्याची शक्यता आहे. दाढेचं दुखणं दाढेचं, आणि मशेरी व साखरेमुळे हललेले पुढचे दात हिरडीचे. साखर वाढलेली असली की हिरडीला गळवं पुन्हा पुन्हा होतात, आणि तोंडातल्या पुवाने साखर चढते. दोन्ही एकमेकांना पोसतात. साखर ऐकत नसेल तर फिजिशियनने एकदा तोंडात बघावं, असं मी आमच्या मेडिकल ऑफिसरांना नेहमी म्हणायचो. ऐकणारे ऐकायचे.

पुडीबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. बिनकागदाची पांढरी गोळी कसली हे मी फोटोवरून सांगू शकत नाही, पण अशा पुड्यांत स्टेरॉइड सर्रास सापडतं. स्टेरॉइडने सूज झरझर उतरते, माणूस फसतो, जंतू मोकाट राहतात आणि साखर भडकते. उद्या सकाळी उपाशीपोटीची साखर बघायला सांगा. डायक्लोफिनॅक बीपी आणि साखरेच्या पेशंटच्या मूत्रपिंडाला बरं नव्हे, बीपीच्या काही गोळ्यांबरोबर तर अजिबातच. दुखण्यासाठी तूर्त पॅरासिटामॉल, ६५० ची गोळी सहा-सहा तासांनी, दिवसाला चारच्या वर नाही. यकृताचा त्रास असेल तर आधी विचारा.

आणि ती कॅप्सूल, बहुधा अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध. मेलेल्या नसेत रक्त जात नाही, मग रक्तातून जाणारं औषध तिथे पोचणार कसं? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली डॉक्टरांसाठी शिफारसी काढल्या. इतर प्रकृती ठणठणीत असलेल्या मोठ्या माणसाला दातावरचा प्रत्यक्ष इलाज लगेच मिळत असेल, तर दाताच्या अशा बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिकची गरज नाही, असं त्यांत म्हटलंय. ताप आला, सूज पसरायला लागली, तर द्यायचं, तेही थोडे दिवस आणि इलाजाच्या जोडीला. तुमच्या आईला साखर आहे, गाल सुजलाय, तर डॉक्टर देतीलही. पण दोन कॅप्सूल आज, दोन दिवाळीत, हा प्रकार थांबवा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का ते आईला आजच विचारून ठेवा.

रानमेवा, तुमच्यावर रागावलो नाही. लवंगतेलाने घटकाभर बधिर होतं, आमच्याही औषधांत लवंगेतला तो अर्क असतो. पण नुसतं तेल हिरडीवर ठेवलं की हिरडी भाजते, आणि हाडातल्या पुवापर्यंत ते जात नाही. किड्यांचं म्हणाल तर फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ सालीच म्हणून ठेवलंय की किडलेल्या दातांत किडे आपल्याला काही दिसले नाहीत. दात किडतो तो जंतूंच्या आम्लाने. बाजारातल्या बाईने दाखवले ते किडे दाढेतले नव्हेत. आज्जीची दाढ नंतर दुखली नाही, कारण नस मेली असणार. माणगंगाताईंच्या आईचीही तशीच थांबली होती.

शेवटचं, मामांसाठी. नजर डोळ्याच्या वेगळ्या नसेवर चालते, दाढ काढल्याने तिला काही होत नाही. उलटं मात्र होऊ शकतं. वरच्या सुळ्याचा पू न काढता ठेवला तर सूज डोळ्यापर्यंत चढते आणि तिथून मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. साखर ताब्यात असेल तर दाढ काढल्यावर जखम भरते, जरा सावकाश, पण भरते. आणि "साखर पूर्ण उतरू दे, मग बघू" म्हणत पू कोंडून ठेवला तर साखर उतरणारच नाही.

वाठारकर
मंगळवार, रात्री १०:४१

डॉक्टरांनी वर लुडविग लिहिलंय ते आमच्या चुलतभावाला झालं होतं. वय ३४, ना साखर ना काही. अक्कलदाढ दुखत होती, ऊस तोडणीचे दिवस, ट्रॅक्टर सोडून कुठे जाणार? गरम मिठाच्या पुरचुंडीने गाल शेकत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हनुवटीखाली सूज, तिसऱ्या दिवशी पाणी गिळेना, झोपला की घुसमटायचा. गळ्याला चिरा देऊन पू काढला, नळ्या ठेवल्या, अतिदक्षता विभागात राहिला. दाढ तिथेच काढली. आज ठीक आहे, पण गळ्यावरचे व्रण मफलरने झाकतो. एवढंच सांगायचं होतं, शेकू नका.

निवृत्त_दंतशल्य
मंगळवार, रात्री १०:५५

वाठारकर, नेमकं. शेकायचंच असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने आतून, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, चूळ धरून ठेवायची आणि सोडायची. बाहेरून गरम शेक नको. सुईने, पिनेने पुळी फोडायची नाही. दुखऱ्या दाढेत तंबाखू किंवा मशेरी दाबायची नाही. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर धरून ठेवणारे महाभागही मी पाहिलेत, हिरडी पांढरीफटक जळलेली असायची. झोपताना उशाला दोन उशा घ्या, ठणका कमी होतो.

माणगंगा
मंगळवार, रात्री ११:२०

डॉक्टर, खूप आभार. व्हिडिओ कॉल केला. तोंड उघडतंय, बोटं जातात, गिळता येतंय, जीभ नेहमीसारखी. ताप नाही. सूज गालातच आहे, जबड्याखाली एक गाठ लागते म्हणाली, दाबली की दुखते. पेनिसिलिन पूर्वी घेतलंय, काही झालं नव्हतं. उद्या मामा घेऊन जाईल. ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर रोज नसतात, म्हणून तालुक्यातल्या खाजगी दवाखान्यात न्यायचं ठरलं. आई म्हणते उपाशीच जाते, म्हणजे चक्कर येणार नाही. आणि सूज असताना दाढ काढत नाहीत, आधी पाच दिवस गोळ्या देतात, असं मामा म्हणतो. मग उद्या नेऊन काय उपयोग?

निवृत्त_दंतशल्य
मंगळवार, रात्री ११:३८

उपाशी अजिबात नाही! साखरेची गोळी घेऊन उपाशी गेली तर खुर्चीतच साखर उतरून भोवळ येईल. नेहमीसारखी न्याहारी, नेहमीच्या गोळ्या, आणि सकाळचीच वेळ. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्यायच्या, चिठ्ठी नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. गाठ लागते म्हणताय, ती बहुतेक जंतूंशी झगडणारी ग्रंथी असेल, डॉक्टर हात लावून बघतील. रात्रीत गाठीभोवती पसरट सूज आली तर मघाचं सगळं लागू.

मामांचं पूर्ण चूक नाही. पुवाच्या जागी आम्लता असते, तिथे भुलीचं इंजेक्शन नीट चढत नाही, म्हणून बरेच डॉक्टर थांबतात. पण खालच्या जबड्याला लांबून, नसेच्या मुळाशी भूल देता येते आणि बहुतेकदा काम होतं. थांबायचं ठरलं तरी पू बाहेर काढणं उद्याच होऊ शकतं. दाढ उघडून आतून काढा किंवा हिरडीला छोटी चीर देऊन काढा. नुसत्या गोळ्या देऊन पाठवलं तर "पू कधी काढणार" एवढं मामांनी विचारावं.

कर्वेनगर_काकू
बुधवार, सकाळी ७:५०

हिरडीच्या गळवाबद्दल माझी भर. माझा एकही दात किडका नाही, साखर नाही. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या खाल्ल्या, चार दिवसांनी वरच्या दाढेच्या कडेला हिरडी टम्म. मला वाटलं आता रूट कॅनाल. डॉक्टरांनी गार लावून बघितलं, दाढ जिवंत. भूल देऊन त्या फटीतून साफ केलं तर आत लाहीचं टरफल! पू काढला, औषधाच्या पाण्याने धुतलं, संध्याकाळी दुखणं गायब. रूट कॅनाल लागलंच नाही. म्हणून दाढेचं की हिरडीचं हे आधी तपासूनच घ्या, घाईने दाढ उघडू देऊ नका.

माणगंगा
बुधवार, दुपारी ३:१५

झालं एकदाचं. सकाळची साखर २६० निघाली, एरवी १५० च्या आसपास असते. पांढऱ्या गोळीवर माझा संशय पक्का. एक्स-रे काढला, मामाने फोटो पाठवला, दाढेच्या एका मुळाशी काळा गोल स्पष्ट दिसतो. ती काडीची परीक्षाही केली, काडी थेट त्याच मुळाला. डॉक्टर म्हणाले वरचा भाग हिरडीपर्यंत गेलाय, रूट कॅनाल करून कॅप बसवायला दात शिल्लक नाही. त्यांनी आमच्या फिजिशियनना फोन केला, मग लांबून भूल देऊन दाढ काढली, पूही निघाला. आई म्हणते इंजेक्शन कळलं, बाकी काही नाही, उगाच वर्षभर घाबरले. पाच दिवस अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिकं दिलीत, पुडी बंद. पुढच्या दातांच्या हिरडीत फटी ६ आणि ७ मिलिमीटर. त्यासाठी पंधरा दिवसांनी बोलावलंय.

दोन गोष्टी विचारते. आई कापूस कधी काढू म्हणून मागे लागलीय, आणि संध्याकाळी मशेरी लावली तर चालेल का असं चक्क विचारतेय.

रानमेवा
बुधवार, दुपारी ४:०२

बरं झालं बाई सुटली. डॉक्टर, माझीही एक दाढ वरून काळी आहे, गार लागतं, पण रात्री ठणकत नाही. ती पण काढायची का?

निवृत्त_दंतशल्य
बुधवार, सायंकाळी ५:२०

रानमेवा, गार लागतं म्हणजे नस जिवंत आहे, नशीबवान आहात. कीड नसेपर्यंत पोचली नसेल तर कीड कोरून सिमेंट भरून भागेल, सगळ्यात स्वस्त काम. गार लागून कळ बराच वेळ टिकायला लागली, किंवा गरम चहा झोंबायला लागला, की रूट कॅनालची वेळ जवळ आली समजा. त्यात नस काढून मुळांच्या आतल्या नळ्या साफ करतात, मध्ये औषध ठेवतात, भरतात आणि वर कॅप. मुळाशी पू झालेला दातही असा वाचतो, वर पकडायला पुरेसा भाग शिल्लक असेल तर. पुळी आठ-पंधरा दिवसांत मिटते, एक्स-रेतला काळा डाग भरायला मात्र सहा महिने, वर्ष लागतं. ठणक्याची वाट बघू नका. तुमचे ते दहा हजार तेव्हाच लागतात.

माणगंगाताई, काम नीट झालंय. कापसाचा बोळा तासाभरात काढायला हवा होता, एव्हाना काढला असेल. आज दिवसभर चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, पेय नळीने ओढून प्यायचं नाही. जखमेवर रक्ताची गुठळी धरते, ती निघून गेली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाढ दुखली नव्हती एवढं दुखतं. मशेरी लावली की हमखास होतं ते हेच. निदान आठवडाभर मशेरीचा डबा मामांच्या घरी ठेवा, कायमचा राहिला तर आणखी उत्तम, पुढचे हलणारे दात त्यावरच अवलंबून आहेत. उद्यापासून जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. आज मऊ, गार-कोमट खाणं, उजव्या बाजूने. भाकरी दुधात कुस्करून द्या, नुसती चावायला चार-पाच दिवस थांबा. जेवण टाळून साखरेची गोळी घेऊ नका. मेट्रोनिडाझोलने तोंडाला लोखंडासारखी चव येते, घाबरून अर्ध्यात सोडू नका.

पंधरा दिवसांनी बोलावलंय तिथे जायलाच हवं. आई म्हणणार, आता कुठे दुखतंय. हिरडीखालचं किटण भूल देऊन खरवडतात, दोन-तीन बैठका लागतात. त्या आधी मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी करून तिचा कागद बरोबर न्या.

माणगंगा
बुधवार, सायंकाळी ५:४८

मशेरीचा डबा मामाने उचललाय. भांडण चालू आहे. तपासणीचं उद्या लॅबमध्ये सांगते.